अमेरिकेतील एक आठवडा : ३१ मार्च ते ७ एप्रिल १९६८

मराठी बोलण्यात ‘आठ दिवस’ म्हणजे एका वारापासून पुन्हा त्याच वारापर्यंतचा काळ. या हिशेबाने रविवार, ३१ मार्च १९६८ पासून रविवार, ७ एप्रिल १९६८ पर्यंतचे आठ दिवस अमेरिकेच्या आधुनिक इतिहासात विशेष लक्षणीय ठरतात. पहिल्या रविवारी राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा निवडणूक न लढविण्याचा आपला निश्चय जाहीर केला; गुरुवारी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला; आणि दुसरा रविवार उजाडला तो राष्ट्रीय शोकदिन म्हणून. या दोन टोकांच्या दरम्यान शंभराहून अधिक नगरांत दंगली उसळल्या, राजधानीत सैन्य उतरले आणि युद्धविषयक वाटाघाटींचा मार्ग प्रथमच खुला झाला.

अशा आठवड्याचे वर्णन करणे सोपे आहे. त्याचा अर्थ लावणे मात्र तितके सोपे नाही. घटना एकामागून एक इतक्या वेगाने आल्या की पूर्वीची घटना ही पुढच्या घटनेचे कारण होय, असा समज सहज होतो. आपल्या तर्कशास्त्राने उपादानकारण आणि निमित्तकारण असा जो भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. मडक्याचे उपादान माती. कुंभार हे निमित्त. या आठवड्याने प्रत्यक्ष काय घडविले, आणि पूर्वीच सिद्ध होत आलेल्या कोणत्या गोष्टींना त्याने केवळ निमित्त पुरविले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. रविवारची दोन भाषणे

३१ मार्च रोजी वॉशिंग्टन नगरात दोन महत्त्वाची भाषणे झाली. सकाळी राजधानीतील राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये किंग यांनी प्रवचन केले. वंशभेद, दारिद्र्य आणि युद्ध ही तीन संकटे परस्परांशी निगडित आहेत, हे त्याचे प्रतिपाद्य होते. देशातील सर्व वर्णांच्या निर्धनांना राजधानीत आणून काँग्रेससमोर त्यांची गाऱ्हाणी मांडावयाची, अशी ‘गरिबांची मोहीम’ त्या वसंत ऋतूत काढण्याचा त्यांचा संकल्प होता. तिचे समर्थन करणे हाही प्रवचनाचा एक हेतू होता.

त्याच रात्री नऊ वाजता अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले. उत्तर व्हिएतनामच्या बहुतांश भागावरील बॉम्बहल्ले आपण एकतर्फी थांबवीत आहोत आणि वाटाघाटींस तयार आहोत, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात युद्धखर्चासाठी वाढीव कराची मागणीही होती. शेवटी, श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना ज्याची कल्पना होती असा भाग आला : आपल्या पक्षाची उमेदवारी आपण मागणार नाही आणि दिली तरी स्वीकारणार नाही, असे त्यांनी घोषित केले. १९६४ साली सुमारे ६१ टक्के मते मिळवून निवडून आलेल्या अध्यक्षाने चार वर्षांच्या आत रंगभूमीवरून निघून जाण्याचे ठरविले होते.

या दोन वक्त्यांचा संबंध ध्यानात घेण्यासारखा आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा हे दोघांच्या प्रयत्नांचे संयुक्त फळ होते. परंतु ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग यांनी व्हिएतनाम युद्धाचा उघड निषेध केला आणि दोघांतील सख्य संपले. युद्धावर खर्च होणारे धन दारिद्र्यनिवारणाच्या योजनांतून ओढले जाते, हा किंग यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणजेच ३१ मार्चची दोन भाषणे एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंकडून केलेली होती.

२. अध्यक्षांच्या माघारीची पूर्वपीठिका

जॉन्सन यांचा निर्णय श्रोत्यांना आकस्मिक वाटला, तरी त्याची सामग्री दोन महिने जमत होती. जानेवारी १९६८ च्या अखेरीस, टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, दक्षिण व्हिएतनाममधील अनेक नगरांवर एकाच वेळी हल्ले झाले. लष्करी दृष्ट्या हल्लेखोरांची हानी फार मोठी झाली. परंतु युद्ध जिंकत आल्याच्या सरकारी आश्वासनांवरील अमेरिकन जनतेचा विश्वास त्यामुळे उडाला. त्यानंतर सेनाधिकाऱ्यांनी आणखी सुमारे २,०६,००० सैनिकांची मागणी केली, आणि ती मार्चच्या १० तारखेस वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. १२ मार्च रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना सुमारे ४२ टक्के मते पडली. विद्यमान अध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षातील प्रतिस्पर्ध्याने इतकी मजल मारावी, हा जॉन्सन यांचा नैतिक पराभवच मानला गेला. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी यांनीही उमेदवारी जाहीर केली.

आर्थिक कारणही तितकेच बलवत्तर होते. डॉलरवरील विश्वास डळमळल्यामुळे सोन्याची मागणी इतकी वाढली की १५ मार्च रोजी लंडनचा सुवर्णबाजार बंद ठेवावा लागला. युद्ध आणि समाजकल्याण ही दोन्ही करवाढ केल्याविना चालविता येतील, हा समज तेथे संपला. मार्चच्या २५ व २६ तारखांस जॉन्सन यांनी ज्येष्ठ राजनीतिज्ञांच्या एका अनौपचारिक मंडळाचा सल्ला घेतला. काही महिन्यांपूर्वी युद्धाला अनुकूल असलेल्या या मंडळातील बहुसंख्यांनी आता माघारीचा मार्ग सुचविला. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांचे मतही त्याच दिशेने वळले होते. रविवारचे भाषण हे या सर्वांचे पर्यवसान होते.

३. आशेचे तीन दिवस

सोमवारी, १ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात १ कोटी ७७ लक्षांहून अधिक भागांची उलाढाल झाली आणि १९२९ च्या प्रसिद्ध कोसळीच्या दिवसाचा उच्चांक मोडला. मात्र १९२९ ची उलाढाल भीतीमुळे झाली होती; ही शांततेच्या आशेने झाली. मंगळवारी विस्कॉन्सिनच्या प्राथमिक निवडणुकीत मॅकार्थी यांना सुमारे ५६ टक्के मते मिळाली. मतपत्रिकेवर जॉन्सन यांचे नाव अद्याप होते. उमेदवार मात्र उरला नव्हता. बुधवारी हानोई सरकारने अमेरिकन प्रतिनिधींशी संपर्क साधण्याची तयारी दर्शविली. त्याच दिवशी अनेक नगरांत युद्धविरोधी तरुणांनी सैन्यभरतीची आपली ओळखपत्रे सामुदायिक रीतीने परत केली. वाटाघाटीची वार्ता आली म्हणून विरोध थांबला नाही, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे.

सांस्कृतिक क्षेत्रातही या दिवसांची नोंद आहे. २ एप्रिलला स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाचा पहिला खेळ वॉशिंग्टनमधील अपटाऊन चित्रपटगृहात झाला. प्रारंभीच्या प्रतिक्रिया प्रतिकूल आल्याने दिग्दर्शकाने काही दिवसांतच त्यातील सुमारे १९ मिनिटांचा भाग कापला. दोनच दिवसांनी, ४ एप्रिलच्या सकाळी, अपोलो ६ हे मानवरहित यान सॅटर्न ५ या प्रचंड अग्निबाणाने सोडण्यात आले. दुसऱ्या टप्प्यातील दोन एंजिने मध्येच बंद पडली आणि तिसरा टप्पा पुन्हा पेटला नाही. एरवी या अपयशाची मोठी चर्चा झाली असती. त्या संध्याकाळच्या वार्तेमुळे ती झाली नाही. याच जातीच्या अग्निबाणाने डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधील तिघे जण चंद्राला प्रदक्षिणा घालून आले. चंद्राची तयारी करणाऱ्या या राष्ट्रातील एका नगरात त्या वेळी कचरा उचलणाऱ्यांचा संप चालू होता.

४. मेंफिस

टेनेसी राज्यातील मेंफिस नगरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस चुकविण्यासाठी कचऱ्याच्या मोटारीत आश्रय घेतलेले दोन कृष्णवर्णीय कामगार, दाबयंत्र अकस्मात चालू झाल्याने चिरडून ठार झाले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० सफाई कामगारांनी काम बंद केले. वेतनवाढ, सुरक्षितता आणि संघटनेला मान्यता या त्यांच्या मागण्या होत्या. परंतु संपकऱ्यांनी गळ्यात अडकविलेल्या फलकांवर यांपैकी एकही नव्हती. आपण माणूस आहोत, एवढेच त्यांवर लिहिलेले होते.

मराठी वाचकाला या संपाचे मर्म निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. घाणीचे काम जन्मावरून एका समाजाच्या वाट्यास यावे आणि मग त्या कामावरूनच त्या समाजाला हीन लेखावे, हे दुष्टचक्र येथेही परिचित आहे. किंग यांनी स्वतः हे साम्य ओळखले होते. १९५९ साली ते भारतात आले असता मुंबईत गांधीजींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या मणिभवनात राहिले होते. त्या दौऱ्यात एका शाळेत आपला परिचय अमेरिकेतील एक ‘अस्पृश्य’ म्हणून करून देण्यात आला. प्रथम आपल्याला धक्का बसला, परंतु विचार केल्यावर ते वर्णन यथार्थ वाटले, असे त्यांनी जुलै १९६५ मधील अटलांटा येथील प्रवचनात सांगितले होते.

संपाच्या समर्थनार्थ २८ मार्चला किंग यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मिरवणुकीला हिंसक वळण लागले आणि पोलिसांच्या गोळीने एक सोळा वर्षांचा मुलगा मरण पावला. अहिंसेचे सामर्थ्य संपले, असे टीकाकार म्हणू लागले. शांततामय मिरवणूक पुन्हा काढून दाखविणे किंग यांना अगत्याचे वाटले. त्यासाठीच ते ३ एप्रिलला मेंफिसला परतले. त्या रात्री वादळी पावसात मेसन टेंपल येथे त्यांचे अखेरचे भाषण झाले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने, लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे असता, त्यांना गोळी लागली. त्यांचे वय अवघे ३९ वर्षांचे होते. रिव्हरसाइड चर्चमधील भाषणाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष पुरे झाले होते.

५. नगरांतील आग आणि सैन्य

खुनाची वार्ता पसरताच वॉशिंग्टन, शिकागो, बाल्टिमोर, कॅन्सस सिटी इत्यादी शंभरांहून अधिक नगरांत दंगली सुरू झाल्या. सर्व मिळून सुमारे ४० माणसे मरण पावली. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. एकट्या वॉशिंग्टनमध्ये १३,००० वर सैनिक आणावे लागले. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर मशीनगन रोखलेले सैनिक दिसले. राजधानीत आलेल्या दळांमध्ये ८२ व्या हवाई डिव्हिजनच्या तुकड्या होत्या. याच डिव्हिजनची एक ब्रिगेड टेटच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारीत, घाईने व्हिएतनामला पाठविण्यात आली होती. परदेशातील युद्ध आणि स्वदेशातील वंशप्रश्न यांना एकच तिजोरी पुरत नाही, हे किंग सांगत होते. एकाच डिव्हिजनचे सैन्यही आता दोहोंकडे विभागले गेले होते.

या दंगलींचे कारण किंग यांचा खून, असे म्हणणे अपुरे होईल. १९६७ च्या उन्हाळ्यात नेवार्क येथे २६ आणि डेट्रॉइट येथे ४३ माणसे दंगलींत मरण पावली होती. त्यांची चौकशी करण्यासाठी गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २९ फेब्रुवारी १९६८ रोजी आपला अहवाल दिला. राष्ट्र दोन विभक्त आणि विषम समाजांत दुभंगत चालले आहे, आणि गोऱ्यांचा वंशवाद हेच त्याचे मूळ होय, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष होता. घर, नोकरी व शिक्षण यांसाठी मोठ्या खर्चाच्या शिफारशी त्यात होत्या. युद्धाने तिजोरी रिती झाली असता जॉन्सन यांनी त्याचे स्वागत थंडपणेच केले. म्हणजे उपादान नगरांत सिद्ध होते आणि त्याची लेखी नोंदही शासनदरबारी पोहोचली होती. मेंफिसची गोळी हे निमित्त ठरले.

सर्वच नगरे पेटली नाहीत, हेही अभ्यासनीय आहे. इंडियानापोलिस येथे रॉबर्ट केनेडी यांनी निवडणुकीच्या सभेला जमलेल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय, श्रोत्यांना खुनाची वार्ता स्वतः सांगितली आणि आपल्या बंधूच्या हत्येचा उल्लेख करून संयमाचे आवाहन केले. ते नगर शांत राहिले. शुक्रवारी बॉस्टन गार्डनमध्ये गायक जेम्स ब्राऊन यांचा कार्यक्रम रद्द करण्याऐवजी नगराध्यक्ष केव्हिन व्हाइट यांच्या संमतीने तो तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रावरून प्रक्षेपित करण्यात आला, जेणेकरून तरुणांनी घरीच थांबावे. बॉस्टनमध्ये त्या रात्री मोठा अनर्थ टळला. अशा उदाहरणांवरून एका भाषणाने वा एका गाण्याच्या कार्यक्रमाने शांतता राखली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. ज्या सावधगिरीने दंगलीचे कारण शोधावयाचे, तीच सावधगिरी शांततेच्या कारणाबाबतही बाळगली पाहिजे. नगरातील नेतृत्व, पोलिसांचे धोरण आणि स्थानिक संघटनांचा वावर हे घटक अशा वेळी एकत्रच काम करीत असतात.

शनिवारी, ६ एप्रिलला, कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष आणि पोलीस यांच्यात चकमक होऊन त्या पक्षाचा सतरा वर्षांचा कार्यकर्ता बॉबी हटन ठार झाला. अहिंसेवरील श्रद्धा डळमळलेल्या तरुणांना त्यामुळे आणखी एक हुतात्मा मिळाला.

६. शोकदिन आणि त्यानंतरचे चार दिवस

रविवारी, ७ एप्रिलला, ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे पाम संडे होता. अध्यक्षांच्या घोषणेनुसार तो राष्ट्रीय शोकदिन पाळण्यात आला. त्या संध्याकाळी लाँग आयलंडवरील वेस्टबरी येथे गायिका नीना सिमोन यांनी, त्यांच्या वाद्यवृंदातील जीन टेलर यांनी तीन दिवसांपूर्वीच्या घटनेवर रचलेले नवे शोकगीत प्रथम गाइले. व्यापारी मनोरंजनाच्या व्यवस्थेलाही थांबावे लागले. ८ एप्रिलचा ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ, काही कृष्णवर्णीय कलावंतांनी उपस्थित न राहण्याचे कळविल्यानंतर, १० एप्रिलपर्यंत पुढे ढकलण्यात आला. त्या समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’चा विषय दक्षिणेतील एका गावात आलेल्या कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याचा होता. ९ एप्रिलला अटलांटा येथे किंग यांचा अंत्यविधी झाला. १६ एप्रिलला मेंफिसच्या नगरशासनाने कामगारसंघटनेस मान्यता आणि वेतनवाढ देणारा करार स्वीकारला.

या आठवड्याचे सर्वांत मूर्त फळ म्हणून १९६८ च्या नागरी हक्क कायद्याचा निर्देश केला जातो. घर विकताना वा भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ राष्ट्र यांवरून भेद करण्यास त्याने बंदी घातली. किंग यांच्या मृत्यूने हा कायदा घडविला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. कालक्रम तपासला असता हे विधान अर्धेच खरे ठरते. जॉन्सन यांनी अशा कायद्याची मागणी १९६६ पासून केली होती आणि किंग यांनी त्याच वर्षी शिकागोत त्यासाठी चळवळ उभारली होती. सिनेटने विधेयक ११ मार्च १९६८ रोजी, म्हणजे खुनाच्या तीन आठवड्यांहून अधिक काळ आधी, ७१ विरुद्ध २० मतांनी संमत केले होते. ते अडले होते प्रतिनिधिगृहाच्या नियमसमितीत. तेथे ९ एप्रिलला अवघ्या एका मताने, ८ विरुद्ध ७ असे, ते पुढे सरकले. १० एप्रिलला गृहाने २५० विरुद्ध १७२ मतांनी ते स्वीकारले. आणि ११ एप्रिलला अध्यक्षांनी त्यावर स्वाक्षरी केली. शोक आणि आग या दोहोंनी मिळून ते एक मत वळविले, असे म्हणावयास जागा आहे. परंतु ज्यावर मत द्यावयाचे ते विधेयक दोन वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध झाले होते. नुसत्या निमित्ताने कायदा होत नाही. तसेच उपादान असूनही निमित्तावाचून तो वर्षानुवर्षे समितीत पडून राहू शकतो.

याच कायद्यात दंगलीस चिथावणी देण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांना शिक्षा करणारे कलमही घातलेले होते. ऑगस्ट १९६८ मधील शिकागोच्या निदर्शनांबद्दल युद्धविरोधी नेत्यांवर जो खटला झाला, तो या कलमाखालीच. त्यातील शिक्षा पुढे १९७२ मध्ये अपिलात रद्द झाल्या. उलटपक्षी घरांविषयीच्या भागाची अंमलबजावणी दुबळी राहिली. शासकीय खात्याला मुख्यतः समेट घडविण्याचाच अधिकार होता, आणि त्याला खरी धार १९८८ च्या दुरुस्तीने आली. एकाच कायद्यात त्या आठवड्याची करुणा आणि त्या आठवड्याचे भय ही दोन्ही शेजारी शेजारी नोंदलेली आहेत.

७. समारोप

रविवारच्या घोषणेने युद्ध थांबले नाही. पॅरिस येथील बोलणी मे १९६८ मध्ये सुरू झाली, तरी त्या एका वर्षात सुमारे १६,९०० अमेरिकन सैनिक मरण पावले, आणि पॅरिसचा करार होण्यास जानेवारी १९७३ उजाडला. दंगलींनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जाळल्या. त्यांतील काही व्यापारी रस्ते कित्येक दशके ओस राहिले. नगरांतील भीतीचा लाभ कायदा आणि सुव्यवस्थेची भाषा बोलणाऱ्या पक्षाला मिळाला. दंगलीनंतर नेमस्त कृष्णवर्णीय नेत्यांनाच जाहीरपणे दोष देणारे मेरीलंडचे गव्हर्नर स्पायरो ॲग्न्यू त्याच वर्षी रिचर्ड निक्सन यांच्यासमवेत उपाध्यक्ष म्हणून निवडून आले.

या आठ दिवसांनी अमेरिकेत नवे प्रश्न निर्माण केले नाहीत. युद्धाचा खर्च, नगरांतील विभक्त वस्त्या, श्रमाची अप्रतिष्ठा आणि शासनावरील अविश्वास ही सामग्री अनेक वर्षांची होती. त्यांचे परस्परसंबंध मात्र या आठवड्यात प्रथमच सर्वांना एकदम दिसले. आयोगाच्या अहवालाने आणि कॅथीड्रलमधील प्रवचनाने जे आधीच सांगितले होते, ते ऐकण्यासाठी राष्ट्राला एका खुनाची वाट पाहावी लागली. आणि ऐकल्यानंतरही जे करावयाचे होते, त्यातील अल्पांशच पदरात पडला. राजकीय संस्थांचा अभ्यास करणाऱ्याने या आठवड्यातून हा प्रश्न बरोबर न्यावा : जी व्यवस्था संकट आल्यावर सात दिवसांत कायदा करू शकते, तिला तोच कायदा संकटापूर्वी दोन वर्षांत का करता येत नाही?